शिकून तिथेच राहायचे असेल तर
(मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकू समारंभात केलेले भाषण)



आपल्या मंडळाच्या हळदीकुंकवात वाणाबरोबर एक व्याख्यानही असते, ही आपली जुनी चाल. यंदा चिटणीसबाईंनी मला उभे केले ते काही माझे पांडित्य पाहून नव्हे. मी जन्मभर शाळेत मराठी शिकवली. परदेश म्हणून मी पाहिला तो एकदाच, आणि तोही दीड महिना. परंतु माझी धाकटी लेक ऑस्ट्रेलियात शिकली, आणि २०२५ साली तिला तिथे कायम राहण्याचा परवाना मिळाला. तेव्हापासून कंधारात जिच्या लेकराने बाहेरगावची, म्हणजे समुद्रापलीकडची, वाट धरायचे मनात आणले ती बाई माझ्या ओट्यावर येऊन बसते. तेव्हा एकेकीला सांगण्यापेक्षा सगळ्यांना एकदम सांगावे, असे ठरले.

दिवाळीनंतर आपल्याच मंडळातील एक भगिनी अशाच आल्या. त्यांच्या संमतीनेच सांगते. पदराखाली कागदांची पिशवी होती. मुलगा पदवीधर, हुशार. एका मोठ्या शहरातल्या एजंटाने सांगितले होते की ऑस्ट्रेलियात एक वर्षाचा कोर्स करा, दोन वर्षांत पी. आर. पक्का. त्यासाठी मन्याडच्या काठचे तीन एकर काळे रान विकायचे ठरले होते. गिऱ्हाईक ठरलेले, इसार तेवढा द्यायचा राहिलेला. मी कागद चाळले आणि एकच गोष्ट विचारली : "कोर्स एकच वर्षाचा आहे ना?" त्या म्हणाल्या, "हो बाई, खर्च कमी व्हावा म्हणून."

भगिनींनो, तिथेच सगळे अडते. शिक्षण संपल्यावर काही काळ राहून नोकरी करता यावी म्हणून ऑस्ट्रेलियात एक व्हिसा आहे. त्याला क्रमांकाने ४८५ म्हणतात. तो मिळायला त्या देशात निदान ९२ आठवड्यांचा नोंदणीकृत अभ्यासक्रम पुरा व्हावा लागतो, आणि तो १६ महिन्यांपेक्षा कमी काळात उरकलेला चालत नाही. नुसत्या एक वर्षाच्या कोर्सावर हा व्हिसा मिळत नाही. म्हणजे तीन एकर जाणार, वर्ष जाणार, आणि पोरगा विमानाने परत येणार. एजंटाने खोटे बोललेच असे मी म्हणत नाही. त्याने नीट वाचलेही नसेल. पण रान त्याचे नव्हते.

पी. आर. ह्या दोन अक्षरांनी आपल्याकडे मोठी भूल घातली आहे. कोणतेही कॉलेज पी. आर. देत नाही. ते देते तिथले सरकार, आणि तेही शिक्षण झाल्यावर, वेगळ्या अर्जावर, वेगळ्या कसोट्या लावून. कॉलेजचा प्रवेश हे वेशीचे दार झाले. वाड्याचे दार पुढे आहे.

जुन्या काळी हा प्रश्न आपल्या माणसांपुढे असा नव्हताच. आनंदीबाई जोशी १८८३ साली कलकत्त्याहून बोटीने निघाल्या, १८८६ च्या मार्चमध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या आणि त्याच वर्षी परत फिरल्या. कोल्हापूरच्या दवाखान्यातली नेमणूक त्यांची वाट पाहत होती. ते काम हाती घेण्याआधीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्या गेल्या. तिथेच राहावे हा विचारही त्या प्रवासात नव्हता. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले, तेही परत येऊन संस्थानची नोकरी करण्याचा करार लिहून देऊन. (शिष्यवृत्ती आजही घेतली तरी करारपत्र आधी शेवटपर्यंत वाचा. परत येण्याची अट असेल तर ती सही करण्याआधी कळलेली बरी.) वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे मात्र अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले आणि पुढे मेक्सिकोत स्थिरावून चापिंगोच्या शेती विद्यालयात प्राध्यापक झाले. पण त्यांना परतीची वाट इंग्रज सरकारने बंद केली होती. हौसेने राहणे निराळे आणि असे राहणे निराळे.

आणि राहू म्हटले तरी राहू कोण देत होते? ऑस्ट्रेलियाने १९०१ साली एक कायदा केला. गोऱ्यांखेरीज कोणी येऊ नये हा हेतू, पण तसे उघड न लिहिता त्यांनी शुद्धलेखनाची परीक्षा ठेवली. बोटीवरून उतरणाऱ्याला अधिकाऱ्याने युरोपातल्या वाटेल त्या भाषेत ५० शब्दांचा उतारा सांगायचा आणि त्याने तो लिहायचा. इंग्रजी येत असेल तर दुसरी भाषा काढायची! १९३४ साली एगॉन किश नावाच्या, अनेक भाषा जाणणाऱ्या पत्रकाराला अडवायचे होते, तर त्याला स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातली गेलिक भाषा घातली. ही परीक्षा १९५८ च्या कायद्याने गेली आणि गोऱ्यांपुरते धोरण १९७३ पर्यंत संपले. मी शिक्षिका, म्हणून शुद्धलेखनाचा असा उपयोग वाचून मला फार राग आला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

आता आजची रीत. ऑस्ट्रेलियात गुण मोजतात. आधी आपला व्यवसाय त्यांच्या यादीत असावा लागतो आणि त्या व्यवसायाच्या संस्थेकडून आपली पदवी तपासून घ्यावी लागते. इंजिनिअरांची तपासणी 'इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया' ही संस्था करते. मग गुण. किमान ६५ लागतात, पण ६५ म्हणजे रांगेत उभे राहण्याची परवानगी. बोलावणे ज्यांचे गुण जास्त त्यांना आधी येते.

माझ्या लेकीचाच हिशेब सांगते, म्हणजे समजेल. तिचे शिक्षण कंधारात मराठी माध्यमातून, बारावी लातूरला, स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी नांदेडला. २०२२ मध्ये ती अॅडिलेडला दोन वर्षांच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी गेली. वय २५ ते ३२ मध्ये असेल तर ३० गुण. पदवी किंवा पदव्युत्तर शिक्षणाचे १५. इंग्रजी परीक्षेत चारही विषयांत चांगले उतरली त्याचे १०. (आणखी वरची श्रेणी मिळाली असती तर २० होते, तिथे ती लेखनात थोडक्यात हुकली.) दोन वर्षे त्या देशात शिकल्याचे ५. अॅडिलेडमध्ये शिकल्याचे आणखी ५, कारण सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन ही तीन महानगरे सोडली तर बाकीच्या भागाला ते 'प्रादेशिक' समजतात. अविवाहित असल्याचे १०. बेरीज ७५. पुढे वर्षभर आपल्याच विषयात तिथे नोकरी केल्याचे ५, आणि दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्याने नाव सुचवल्याचे ५. हे ८५ झाले. उरलेले ५ कुठून आले, ते मी मुद्दाम मागे ठेवले आहेत.

अविवाहिताला १० गुण म्हटल्यावर तुम्ही हसलात! पण हा हसण्यावारी नेण्याचा विषय नाही. नवरा किंवा बायको आपल्याबरोबर अर्जात असेल, आणि तिचेही वय, इंग्रजी आणि व्यवसाय नियमात बसत असतील, तर ते १० गुण टिकतात. नुसते इंग्रजी चांगले असेल तर ५. काहीच नसेल तर शून्य. जोडीदार आधीच तिथला नागरिक किंवा कायमचा रहिवासी असला तर मात्र १० मिळतात. माझ्या लेकीला २०२४ मध्ये एक स्थळ सांगून आले होते. मुलगा चांगला, घराणे माहितीतले, आणि लग्न दोन महिन्यांत उरकायचे असा मंडळींचा आग्रह. लेक म्हणाली, "आई, माझे दहा गुण जातील." आमच्या नणंदबाईंना वाटले ही पोर लग्नाला नाही म्हणायला काहीतरी सांगते आहे. तिने सरकारचे पानच मला पाठवले. मी नणंदबाईंना वाचून दाखवले. स्थळ गेले, त्याची हळहळ घरात महिनाभर होती. मला स्वतःला ती अजूनही अधूनमधून वाटते, हे लपवत नाही. पण मुलीने पै पै जमवून उभी केलेली रांगेतली जागा आपण मुहूर्तासाठी घालवायची का, हा विचार आईने आधी करावा.

आता ते ५ गुण.

ऑस्ट्रेलियात दुभाष्यांची परीक्षा घेणारी 'नाटी' नावाची संस्था आहे. तिची एक परीक्षा अशी की उमेदवाराने इंग्रजी आणि आपली एक भाषा ह्यांत तोंडी दुभाष्याचे काम करून दाखवायचे. उत्तीर्ण झाल्यास ५ गुण. त्या भाषांच्या यादीत मराठी आहे! ज्या देशाने परकी भाषेतला उतारा घालून माणसे परत लावली, त्याच देशात आता मराठी नीट येते म्हणून गुण मिळतात. मुलीने हे फोनवर सांगितले तेव्हा मी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

परीक्षा सोपी असेल असे आम्हा दोघींना वाटले. मायबोलीची परीक्षा ती काय! दोन संवाद असतात, प्रत्येकी सुमारे ३०० शब्दांचे. एक माणूस इंग्रजी बोलतो, दुसरा मराठी. डॉक्टर आणि रोगी, बँकेचा कारकून आणि कर्जदार, शाळेची बाई आणि पालक, असे प्रसंग. एक तुकडा फार तर ३५ शब्दांचा. तो ऐकायचा आणि लगेच दुसऱ्या भाषेत सांगायचा. काही गाळायचे नाही, पदरचे घालायचे नाही. ९० पैकी ६३ गुण लागतात, आणि प्रत्येक संवादात ४५ पैकी निदान २९.

पहिल्या दिवशी मी फोनवर एक संवाद घेतला. विषय घराच्या कर्जाचा. लेक म्हणाली, "बँकेने डॉक्युमेंट्स व्हेरिफाय केले की लोन अप्रूव्ह होईल, पण प्रॉपर्टी मॉर्गेज करावी लागेल." मी म्हटले, "ह्यात मराठी कुठे आहे गं?" ती गप्प झाली. दहावीला मराठीत ८८ गुण मिळवलेली मुलगी, आणि तिला 'गहाण' हा शब्द वेळेवर सुचला नाही. तिच्या आजोबांनी आयुष्यात चार वेळा गहाणखत केले होते! नांदेडच्या चार वर्षांत आणि अॅडिलेडच्या दोन वर्षांत तिच्या मराठीतून कामाचे शब्द गळून गेले होते. जेवलीस का, बरी आहेस का, एवढी मराठी उरली होती.

मग आम्ही नेमाने बसलो. इथले रात्रीचे साडेआठ म्हणजे तिच्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली, म्हणून ती पहाटे उठे आणि मी आमच्या मध्यरात्री जागी राही. तीन महिने हा क्रम चालला. एका वहीत शब्द लिहिले. तारण, हमीदार, हप्ता, थकबाकी, मुदत. रक्तदाब, बधिरता, टाके, पथ्य, लघवीची तपासणी. भाडेकरार, अनामत, घटस्फोट, पोटगी, साक्षीदार, जामीन, अपील. काही शब्द मलाही नव्हते. अपंगांच्या भत्त्याचे आणि वृद्धसेवेचे शब्द मी तहसील कचेरीतल्या अर्जांवरून उतरून घेतले, दवाखान्यातले आपल्या सरकारी दवाखान्यातील सिस्टरबाईंकडून. आमच्या शेजारच्या आजींनी तर 'चमक मारणे', 'ठणका लागणे', 'कळ येणे' आणि 'आग होणे' ह्यांतला फरक तिला फोनवर अंगावर हात ठेवून समजावला. दिसत नव्हते तरी! तिचे आजोबा बसून ऐकत आणि मध्येच म्हणत, "इसार म्हण, अॅडव्हान्स म्हणू नको."

एक गोष्ट अनुभवाने सांगते. इंग्रजी शब्द अजिबात चालत नाही असे नाही. 'व्हिसा' किंवा 'पोलीस' ह्यांना कोणी प्रतिशब्द मागत नाही. पण वाक्यामागून वाक्य इंग्रजी नामांवर चालले की गुण जातात. पहिल्या खेपेस ती नापास झाली. एका संवादात २९ पुरे झाले नाहीत. परीक्षेची फी गेली. त्या रात्री ती फोनवर रडली, ते इंजिनिअरिंगला एकदा विषय राहिला होता तेव्हाही रडली नव्हती. "मला माझीच भाषा येत नाही," एवढेच म्हणत राहिली. दुसऱ्या खेपेस ६९ मिळाले. एकूण गुण ९० झाले आणि पुढच्या वर्षी बोलावणे आले.

तेव्हा ज्यांची मुले अजून शाळेत आहेत त्यांनी घरात मराठी नीट बोलावी, एवढे मी मराठीची बाई म्हणून नव्हे तर व्यवहार म्हणून सांगते.

तारखांविषयी थोडे. शिक्षण संपल्याचे पत्र आले की ४८५ साठी सहा महिन्यांच्या आत अर्ज करायचा, आणि इंग्रजी परीक्षेचा निकाल त्या वेळी ताजा असावा लागतो. १ जुलै २०२४ पासून ह्या व्हिसाची वयोमर्यादा बहुतेकांसाठी ५० वरून ३५ वर आणली आहे, म्हणून आधी दहा वर्षे नोकरी करून मग जाऊ म्हणणाऱ्यांनी हिशेब करावा. आणखी एक. मार्च २०२४ पूर्वी विद्यार्थ्याला 'मी तात्पुरताच येतो आहे' असे पटवून द्यावे लागे. आमच्या वेळी एजंटाने मुलीच्या नावाने एक निवेदन लिहून आणले, त्यात आमची शेती शंभर एकर आणि परत येऊन ती सांभाळायची तळमळ! आमची आहे सात एकर. आम्ही ते फाडले आणि मुलीने आपल्या हाताने खरे तेवढे लिहिले. खोटा कागद एकदा फायलीत गेला की पुढच्या प्रत्येक अर्जाच्या वेळी तो वर येतो. २०२३ साली कॅनडात पंजाबच्या शेकडो विद्यार्थ्यांची प्रवेशपत्रे बनावट असल्याचा बोभाटा झाला तो आठवा. कित्येकांचे शिक्षण पुरे झाले होते, नोकऱ्या लागल्या होते, आणि पी. आर. चा अर्ज केल्यावर ते कागद बाहेर आले. फसवणारा दलाल होता, पण हद्दपारीची नोटीस पोरांच्या दारी गेली.

इतर देशांचे थोडक्यात सांगते, कारण वेळ थोडा आहे. कॅनडातही गुणांचीच रीत आहे. तिथे पुष्कळांची फसगत होते ती अशी की शिकताना केलेली अर्धवेळ नोकरी अनुभवात धरतील असे त्यांना वाटते. पूर्ण वेळ विद्यार्थी असतानाचे काम त्या अनुभवात धरत नाहीत. शिक्षणानंतर, बऱ्या दर्जाच्या कामात, निदान एक वर्ष लागते. नोकरीच्या पत्राचे मिळणारे जास्तीचे गुणही मार्च २०२५ पासून बंद झाले. फ्रेंच येणाऱ्याला मात्र तिथे चांगला भाव आहे. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, परंतु वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधी बंद खात्यात दाखवावे लागतात, हा आकडा सप्टेंबर २०२४ पासूनचा. तिथली पदवी मिळाली की नोकरी शोधायला १८ महिने देतात, आणि शिक्षणाला साजेशी नोकरी लागून दोन वर्षे झाली, निवृत्तिवेतनाची वर्गणी भरलेली असली आणि जर्मन भाषा बी-१ पायरीपर्यंत आली, तर कायम वास्तव्य मागता येते. माझ्या मते आपल्या परिस्थितीच्या घरांना ही वाट सर्वांत बरी आहे, फक्त भाषेची तयारी इथूनच केली पाहिजे. अमेरिकेत शिक्षण उत्तम, पण रोजगारावर मिळणाऱ्या कायम परवान्यांत एका देशाच्या वाट्याला सात टक्क्यांहून अधिक जात नाहीत. आपले लोक फार, म्हणून रांग वर्षानुवर्षांची. इंग्लंडने शिक्षणानंतरची दोन वर्षांची मुदत १ जानेवारी २०२७ पासून पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांना १८ महिन्यांवर आणायचे ठरवले आहे. नियम असे हलत असतात. म्हणून ऐकीव माहितीवर जाऊ नये, माझ्याही. त्या त्या सरकारचे पान अर्जाच्या दिवशी पाहावे.

आता रान विकण्याविषयी, कारण खरा घोर तो आहे. शैक्षणिक कर्जाला शेतजमीन तारण म्हणून बऱ्याच बँका घेत नाहीत. गावठाणातले घर किंवा एन. ए. प्लॉट घेतात. म्हणून लोक सावकाराकडे वळतात नाहीतर सरळ विकतात. आम्ही घर तारण ठेवले. शिकताना हप्ता नसतो, पण व्याज चढत असते. आम्ही माझ्या पेन्शनीतून दरमहा निदान ते व्याज भरत गेलो, त्यामुळे पुढे ओझे कमी झाले. आणि हे लक्षात घ्या : परदेशी राहणाऱ्या भारतीयाला आपल्याकडे शेतजमीन विकत घेता येत नाही, नागरिकत्व बदलून ओसीआय कार्ड घेतले तरी घेता येत नाही. वारसाने मात्र मिळू शकते. म्हणजे "पोरगा कमावून रान परत घेईल" हे बाप म्हणतो ते पोराच्या नावावर होणे नाही. आज विकलेले रान घेणार असेल तर इथे राहणाऱ्यानेच. त्या भगिनींच्या यजमानांना मी हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

तुम्ही विचाराल, लेकीला परवाना मिळाला त्या दिवशी तुम्हाला काय वाटले? पेढे वाटले. संध्याकाळी एकटीच जगत्तुंग सागराच्या बांधावर जाऊन बसले. मीच तीन महिने मध्यरात्री जागून तिला शब्द शिकवले होते, आणि ते शब्द पुरे पडले म्हणून ती आता तिथली झाली. ती दरवर्षी येते म्हणते. ह्या वर्षी आली नाही, नवी नोकरी आहे. वही मात्र माझ्याजवळ आहे, आणि तिच्या दोन मैत्रिणींनी ती मागितली म्हणून तिच्या प्रती काढून मंडळाच्या कपाटात ठेवल्या आहेत.

त्या भगिनी आज इथे आल्या आहेत. इसार अजून दिलेला नाही. मुलगा आता दोन वर्षांच्या अभ्यासक्रमांची माहिती काढतो आहे आणि नांदेडला जर्मनचा वर्ग कुठे आहे तेही पाहतो आहे. आणखी कोणाचे कागद असतील तर दर शनिवारी दुपारी तीननंतर मी मंडळात असते. येताना कोर्सचे पत्र, बँकेचे कागद आणि मुलाला किंवा मुलीलाही बरोबर आणावे. एजंटाला आणले तरी चालेल.